पावसाळ्यातील पहाटेचा लांब पल्ल्याचा सराव : मुंबईतील धावकांसाठी

शिवाजीपार्ककर :

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. तिथून अठरा आठवडे मागे मोजत गेल्यास नेमक्या सरावाची सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. म्हणजे ज्या काळात शरीराचा पाया घालायचा, तो काळ आपल्या शहरात जवळजवळ सगळाच पावसाचा असतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. तो थांबण्याची वाट पाहत बसलेला धावक दिवाळीच्या सुमारास एकदम पंचवीस-तीस किलोमीटरना हात घालतो आणि डिसेंबरमध्ये पोटरी नाहीतर गुडघा धरून घरी बसतो, असे दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत दिसते. म्हणून हा धागा काढत आहे.

पावसातल्या धावण्याविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक थंड प्रदेशांतले असते, आणि त्यातील सल्ले इथे जसेच्या तसे लागू केले की घोटाळा होतो. तिथे पावसात शरीराची उष्णता कशी टिकवायची हा प्रश्न असतो. आपल्याकडे ती बाहेर कशी टाकायची हा आहे. जुलैत पहाटे पाच वाजतासुद्धा मुंबईचे तापमान २५ अंशांच्या आसपास असते आणि हवेतील आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वर असते. घाम नुसता गळून शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. कुंद हवेत तो वाळत नाही, कातडीवरून ओघळून जातो आणि पाणी व मीठ मात्र दोन्ही खर्च होतात. उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते, स्नायूंच्या वाट्याला तेवढे कमी येते आणि हृदय ती तूट जास्त ठोके देऊन भरून काढते. त्यामुळे फेब्रुवारीत सहज वाटलेला वेग जुलैत धाप लावतो. यात तंदुरुस्ती कमी झाल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

माझे मत असे आहे की या चार महिन्यांत घड्याळातील किलोमीटरचा वेग पाहणेच बंद करावे आणि वेळ व श्रम या दोनच गोष्टी मोजाव्यात. रविवारी अमुक किलोमीटर असे न ठरवता दीड तास किंवा दोन तास असे ठरवावे. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच श्रमाने धावावे, आणि वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. वेग किलोमीटरमागे अर्ध्या-पाऊण मिनिटाने घसरला तरी हृदय आणि पाय यांचा सराव तोच होत असतो. शिवाय दहा-चौदा दिवस अशा हवेत नियमितपणे धावल्यावर शरीर लवकर आणि अधिक घाम गाळायला शिकते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, आणि त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी होऊ लागतात. जानेवारीच्या त्या पहाटे सांताक्रूझचे तापमान १७ अंशांच्या आसपास असते. जुलै सोसलेल्या शरीराला ते जाणवतेच.

आणखी एक निरीक्षण नव्या मंडळींसाठी. भर सरीत धावणे त्यामानाने सोपे असते, कारण वरून पडणारे पाणी घामाचे काम करते. खरी परीक्षा उघडीप पडल्यावर होते. सर थांबून ऊन निघाले की ओल्या रस्त्यातून वाफ उठते आणि दहा मिनिटांत माणूस गळून जातो. त्यामुळे पाऊस थांबेपर्यंत छपराखाली थांबून मग निघणाऱ्यांना बहुतेक वेळा दिवसातला वाईट तुकडाच मिळतो. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमाराला होतो. साडेपाचला रस्त्यावर असावे.

रस्त्यांबद्दल थोडे. पदपथांवरील पेव्हर ब्लॉक जुलैपर्यंत शेवाळाने निसरडे होतात. पांढरे झेब्रा पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली झाली की पाय धरत नाहीत. डांबरी रस्ता त्यातल्या त्यात विश्वासाचा. पावले आखूड आणि जलद टाकावीत, वळताना वेग कमी करावा. वेगाचे तुकडे, म्हणजे थोडे अंतर जोरात धावून मध्ये विसावा घेण्याचा सराव, या दिवसांत मी तरी मोकळ्या रस्त्यावर करत नाही.

बूट, त्वचा, समुद्र आणि थंडी या विषयांवर जाणकारांनी भर घालावी.


मुलुंडहून :

लेख पटला, परंतु एक मूलभूत शंका आहे. एवढे सगळे सांभाळत बाहेर जाण्यापेक्षा चार महिने व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर का काढू नयेत? तिथे खड्डे नाहीत, कुत्री नाहीत, अंधार नाही, आणि सराव एकही दिवस चुकत नाही. आमच्या भागात तर रस्ता कोणता आणि खोदकाम कोणते हे पहाटे कळतच नाही.


शिवाजीपार्ककर :

ट्रेडमिलला माझा विरोध नाही. हवामान खात्याने लाल इशारा दिलेला असेल त्या दिवशी तोच एक शहाणपणाचा मार्ग आहे, आणि वेगाचे तुकडे करण्यासाठीही तो उत्तम आहे. मात्र दोन उणिवा ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे वातानुकूलित खोलीत उष्ण-दमट हवेची सवय होत नाही. ती सवय दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने निघूनही जाते. दुसरे म्हणजे पट्ट्यावर प्रत्येक पाऊल सारखेच पडते, त्यामुळे घोट्याभोवतीच्या लहान स्नायूंना काम उरत नाही. त्याऐवजी आठवड्यातील एक-दोन दिवस आत आणि रविवारचा लांब पल्ला बाहेर अशी वाटणी करून पाहावी. तुमच्या भागात खोदकाम असेल तर रविवारी पहाटेच्या लोकलने दादर गाठावे, पार्काभोवती आणि पाच बागांकडे डांबरी रस्ते आहेत. मेगाब्लॉक सुरू होण्यापूर्वी घरी पोहोचताही येते.


परळचा डॉक्टर :

मुख्य लेखात पाण्याचा विषय राहून गेला आहे, तो मी घेतो. साचलेल्या पाण्यातून धावायचे नाही, यात घासाघीस नको.

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण दिसणारे आहे : गढूळ पाण्याखाली काय आहे ते कळत नाही. २०१७च्या ऑगस्टमधील मोठ्या पावसात याच भागात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, हे अनेकांना आठवत असेल. घोटाभर दिसणाऱ्या पाण्याखाली काय आहे याचा अंदाज धावत्या माणसाला येणे शक्य नाही. दुसरे कारण न दिसणारे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात उतरतात आणि त्वचेवरील जखमेतून किंवा बोटांमधील भेगांतून शरीरात शिरतात. धावकाच्या पायांना बुटाने घासलेल्या, फोड फुटलेल्या जागा असतातच. अशा पाण्यातून जावेच लागले तर घरी येताच पाय साबणाने स्वच्छ धुवावेत आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. डॉक्सिसायक्लिन हे औषध त्यासाठी दिले जाते, पण ते गर्भवती स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी औषधे आहेत. म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नये. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर हे धावण्याचे दुखणे आहे असे समजून अंगावर काढू नये. धावकांच्या बाबतीत हीच अडचण होते : पोटरीचे दुखणे त्यांना इतके ओळखीचे असते की तापाशी त्याचा संबंध ते लावत नाहीत.

दुसरा नित्याचा त्रास चिखल्यांचा. बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी पडून सोलते, आग होते आणि वास येतो. धावून आल्यावर ओले मोजे पायात ठेवून नाश्ता करत बसणाऱ्यांना त्या हमखास होतात. पाय धुऊन प्रत्येक बेचकी कोरडी पुसावी आणि बुरशीनाशक भुकटी लावावी. जांघेतील गजकर्णासाठी ओळखीच्या दुकानदाराकडून मिळणारी मलमे बहुधा स्टिरॉइड मिसळलेली असतात. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र पसरते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पावसाळ्यात येणाऱ्या हट्टी गजकर्णामागे ही मलमे मोठ्या प्रमाणावर असतात.

घासण्याचा त्रास ओल्या कपड्यांनी दुप्पट होतो. जांघा, काखा आणि पुरुषांच्या बाबतीत स्तनाग्रे, या ठिकाणी निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली लावावी. सुती बनियन या दिवसांत कपाटातच राहू द्यावे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे : ताप असताना धावू नये. मलेरिया, डेंगी आणि साधे विषाणूजन्य ताप यांचा हा हंगाम आहे. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते आणि त्या अवस्थेत जोराचे श्रम घातक ठरू शकतात. ताप गेल्यावरही आधी काही दिवस चालावे. डेंगी झाला असेल तर कधी सुरू करायचे ते तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे, धावण्याच्या गटातील मित्रांनी नव्हे.


वरळी कोळीवाडा :

डॉक्टरसाहेबांनी पाण्याचे सांगितले, मी खाऱ्या पाण्याचे सांगतो. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, कार्टर रोड, बँडस्टँड ही धावणाऱ्यांची आवडती ठिकाणे समुद्राला लागून आहेत, आणि वर्तमानपत्रात मोठ्या भरतीची बातमी आली की पुष्कळ जण पहाटेचा सरावही रद्द करतात. भरतीचे गणित समजले तर असे सरसकट करावे लागणार नाही.

आमच्याकडे जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ही वेळ दिवसातून दोनदा धरायची. हा ढोबळ अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि नेमक्या वेळेसाठी छापील तक्ता पाहावाच. परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानात येईल. पावसाळ्यातील साडेचार मीटरच्या वरची जी उधाणे बातमीत येतात, ती अमावास्या-पौर्णिमेच्या आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांची असतात, आणि ती दुपारी बारा ते दोनच्या आसपास येतात. म्हणजे त्याच दिवशी पहाटे सहा-सातला पाणी पूर्ण ओसरलेले असते. उलट पहाटे सहाला भरती असते ती अष्टमीच्या आगेमागे, आणि ती भांगाची, म्हणजे लहान भरती असल्यामुळे उंचीने पुष्कळ कमी असते. पहाटे धावणाऱ्याला समुद्राने ही सवलत दिलेली आहे.

मात्र वाऱ्याला तिथी नसते. नैऋत्येचा वारा लागलेला असेल आणि समुद्र खवळलेला असेल, तर लाट भरतीची वाट पाहत नाही. कठड्यावर चढणे, टेट्रापॉडवर (लाटा अडवण्यासाठी टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) उतरून फोटो काढणे हे उद्योग ओहोटीतही करू नयेत. लाट आत ओढते ती परतताना, आणि टेट्रापॉडच्या फटीत गेलेला माणूस पोहता येत असले तरी बाहेर येत नाही. मी धावतो तेव्हा कठड्यापासून दूर, इमारतींच्या बाजूच्या पदपथाने धावतो.

आणखी एक. भरती असताना मोठा पाऊस झाला तर शहरातील पाणी समुद्रात उतरत नाही, आणि मग हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही ठिकाणे तुंबतात. दुपारी उधाण असलेल्या दिवशी लांब पल्ला लवकर उरकून नऊच्या आत घरी असावे. जाताना कोरडा असलेला रस्ता येताना तसाच राहील असे धरून चालू नये.


बोरिवलीकरीण :

वरळीकर दादा, तिथीचे गणित फारच उपयोगी आहे, माझ्या आजीला ते ठाऊक असणार, तिला विचारते.

पावसाच्या बाबतीत हे शहर एक नाही, हेही सांगायला हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला त्याच काळात ७५ मिलिमीटरही झाला नव्हता. तेव्हा दादरच्या मित्राने आकाश मोकळे आहे असे कळवले म्हणून बोरिवलीहून निघू नये, आणि उलटही तेच.

आम्ही उत्तरेकडची मंडळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावर धावतो. पावसाळ्यात त्यासारखा रस्ता मुंबईत दुसरा नाही असे माझे पक्षपाती मत आहे. झाडांमुळे उघडीप पडली तरी ऊन थेट लागत नाही, पाणी साचत नाही, आणि लेण्यांकडचा चढ मुंबई मॅरेथॉनमधील पेडर रोडच्या चढाची तयारी करून घेतो. पण तिथे बिबटे आहेत, आणि पहाट ही त्यांची फिरण्याची वेळ आहे. प्रवेशद्वार उघडण्यापूर्वी दुसऱ्या वाटेने आत शिरू नये, एकटीने किंवा एकट्याने पुढे जाऊ नये, दोन्ही कानांत गाणी लावू नयेत, आणि बुटाची नाडी बांधायला वाकण्याआधी आजूबाजूला कुणी आहे ना ते पाहावे. आरेच्या रस्त्यालाही हेच लागू आहे.

एकट्या धावणाऱ्या स्त्रियांसाठी पावसाळ्याची वेगळी अडचण आहे, ती इथे कुणी मांडलेली दिसली नाही. एरवी पहाटे रस्त्यावर फिरायला निघालेले आजी-आजोबा, दूधवाले, पेपर टाकणारी मुले यांची वर्दळ असते आणि तिचाच आधार वाटतो. जोराचा पाऊस असला की तीच माणसे दिसेनाशी होतात आणि रस्ता ओस पडतो. म्हणून मी पावसाळ्यापुरते निघण्याची वेळ पुढे ढकलली आहे आणि कमीत कमी तिघींचा गट केला आहे. ज्यांना गट मिळत नाही त्यांनी लहान वर्तुळात अनेक फेऱ्या घालाव्यात. कंटाळा येतो, हे मान्य. पण वस्ती आणि घर जवळ राहते. गडद रंगाचे, अंगाला न चिकटणारे कपडे आणि त्यावर परावर्ती पट्ट्यांचे पातळ जाकीट हा मला जमलेला मेळ आहे, कारण पावसात चालकाला काचेतून आपण दिसतच नाही. डोळ्यांवर पाणी येऊ नये म्हणून पुढे चोच असलेली टोपी घालावी. चष्मा असेल तर तिच्याशिवाय निघूच नये.


बुटांचा_सोस :

आता माझा विषय. पावसाळा आला की दुकानदार जलरोधक बूट पुढे करतात. ते मुंबईसाठी घेऊ नयेत. ते बूट ओल्या गवतातून किंवा भुरभुर पावसातून जाणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या पावसात पाणी बुटाच्या तोंडातून, पायावरून ओघळत आत शिरते, आणि एकदा शिरले की तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. दोन तास पाय शिजत राहतात. त्यापेक्षा साधा, पातळ जाळीचा, कमी गादीचा बूट चांगला. तो पटकन भिजतो आणि दर पावलागणिक पाणी बाहेरही फेकतो. बूट कोरडा ठेवणे हे ध्येय सोडून द्यावे, त्यातून पाणी किती लवकर निघते ते पाहावे. आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, त्या शर्यतीत ७ वेळा पाण्यात उडी असते. त्या गटातील सगळ्याच धावपटू ओल्या बुटांनी धावत असतात, तेव्हा आपण रविवारच्या सरावाला एवढा बाऊ करू नये.

मोजे मात्र सुती नसावेत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, सैल होतो, त्याच्या चुण्या पडतात आणि त्या चुणीखाली फोड येतो. कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे घ्यावेत, आणि नखे आदल्या दिवशी कापावीत, कारण ओल्या बुटात पाय पुढे सरकतो.

वाळवण्याबद्दल : आतली गादी काढून वेगळी ठेवावी, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने ते बदलावेत आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवावेत. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसची शेगडी यांच्याजवळ नेऊ नयेत, उष्णतेने तळव्याचा डिंक सुटतो आणि फोम आखडतो. जुलैत एका दिवसात बूट पूर्ण वाळत नाही, त्यामुळे दोन जोड आलटून पालटून वापरणे हा इथे चैनीचा प्रश्न नाही. मागच्या हंगामातला झिजलेला जोड पावसासाठी ठेवण्याची पद्धत मात्र मला मान्य नाही. झिजलेला तळवा नेमका निसरड्या दिवसांतच घालायचा, यात कोणते शहाणपण?


घाटवाट :

थंडीबद्दल मुख्य लेखात विचारले होते. मुंबईकर धावकाला पावसात थंडी गाठते ती शहरात क्वचितच, बहुधा घरी परतताना एसी लोकलमध्ये. गंमत बाजूला ठेवली तरी हे खरेच आहे : दोन तास धावून भिजलेला माणूस थंड डब्यात शिरला की पाच मिनिटांत कुडकुडतो. कोरडा सदरा आणि पंचा प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावा आणि फलाटावरच कपडे बदलावेत.

खरी ओली थंडी भेटते ती सातारा हिल हाफ मॅरेथॉनला. मुंबईचे पुष्कळ धावक सप्टेंबरच्या सुमारास तिथे जातात. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या रस्त्यावरून वळून परत उतरायचे. चढताना अंग तापलेले असते, त्यामुळे धुके आणि पाऊस सुखद वाटतात. वरच्या उघड्या माथ्यावर वारा लागतो. उतारावर श्रम कमी, म्हणून शरीरात तयार होणारी उष्णता कमी, आणि धावण्याचा वेग जास्त, म्हणून अंगाला लागणारा वारा जास्त. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेते, तेव्हा भिजलेला सदरा आणि वारा यांच्या जोडीला तापमान फार खाली जावे लागत नाही. वर चढताना पाय दुखले म्हणून चालू लागलेल्यांना किंवा शर्यत संपल्यावर गप्पा मारत उभे राहिलेल्यांना हुडहुडी भरते. शर्यत संपल्या संपल्या कपडे बदलणे हे पदक घेण्याच्या आधीचे काम आहे.

परदेशी शर्यतींना जाणाऱ्यांनी २०१८ची बोस्टन मॅरेथॉन अभ्यासावी. तापमान ४ अंशांच्या आसपास, समोरून जोराचा वारा आणि सतत पाऊस. मातब्बर धावपटूंपैकी अनेकांनी मध्येच शर्यत सोडली. पुरुषांत जिंकला तो जपानचा युकी कावाउची, जो तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून धावत असे, आणि त्याची वेळ होती २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद. स्त्रियांत डेझिरी लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिली आली आणि १९८५ नंतर ती शर्यत जिंकणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. दोन्ही वेळा त्या शर्यतीच्या मानाने संथ होत्या. त्या दिवशी वेगाचा हिशेब बाजूला ठेवून जे टिकले ते पुढे आले. मुख्य लेखातील श्रम मोजण्याचा आग्रह मला याच कारणाने पटतो, तो उष्ण हवेपुरता नाही.

अशा हवेसाठी मुंबईत राहून सराव करता येत नाही हे मान्य करावे. साहित्याची सवय मात्र करता येते. पातळ हातमोजे ओले झाले की बोटे बधिर होतात आणि खिशातली ऊर्जा देणाऱ्या जेलची पुडी फाडता येत नाही. ती आधीच थोडी कापून ठेवावी. सुरुवातीच्या रेषेवर थांबण्यासाठी कचऱ्याची मोठी काळी पिशवी डोके आणि हात बाहेर काढून अंगावर घ्यावी. आणि थंडीत तहान लागत नाही, तरी घाम जातच असतो, हे विसरू नये.


नवखा_चेंबूर :

मी या वर्षी पहिल्यांदाच अर्ध्या मॅरेथॉनची तयारी करत आहे. दोन प्रश्न आहेत. पावसात पाणी किती प्यावे हे कसे कळणार, कारण तहान लागतच नाही? आणि श्रावणी सोमवारचा उपवास घरी पाळला जातो, त्या दिवशी धावावे का?


परळचा डॉक्टर :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वजनकाटा देईल. धावण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करावे, परत आल्यावर अंग कोरडे पुसून तसेच पुन्हा करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. वाटेत पाणी प्यायला असाल तर तेही त्यात मिळवावे. दोन-तीन रविवार असे केल्यावर आपला तासाचा आकडा कळतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून मित्राचा आकडा वापरू नये. सगळीच घट धावतानाच भरून काढण्याचा अट्टहास नको, आणि परतल्यावर वजन वाढलेले दिसले तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात असे समजावे. नुसते पाणी अति पिऊन रक्तातील सोडियम उतरणे हे कमी पिण्याइतकेच, कधी त्याहून अधिक, धोक्याचे आहे. तासाच्या वरच्या धावण्यात मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा कोकम सरबत पुरते. त्यासाठी महागड्या पुड्यांची गरज नाही.

उपवासाच्या दिवशी सकाळी तासभर सावकाश धावायला निरोगी माणसाला हरकत नाही, कारण आदल्या रात्रीचे जेवण कामी येते. पण परतल्यावर दिवसभर निर्जळी राहणे मात्र धावकाने टाळावे. साबुदाण्यात पिष्ट भरपूर असते आणि प्रथिने नगण्य. म्हणून ताक, दूध, शेंगदाणे यांची जोड द्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास आणि धावणे एकाच दिवशी करण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे. सोपा मार्ग असा, की रविवारच्या लांब पल्ल्यानंतरचा सोमवार तसाही विश्रांतीचाच ठेवावा.


मुलुंडहून :

ठरले. मी या रविवारी दादरला येतो. शिवाजीपार्ककर, पहाटे साडेपाचला पार्कापासून निघून वरळी सी फेसपर्यंत जाऊन परत यायचे असेल तर समुद्राचा काही त्रास होईल का? आणि विजा चमकल्या तर काय करायचे?


शिवाजीपार्ककर :

अवश्य यावे. विजांचा धोका आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात अधिक असतो, भर जुलैत त्या मानाने कमी. तरी गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत शिरायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. झाडाखाली उभे राहायचे नाही. समुद्राचे वरळीकरांनी सांगावे.


वरळी कोळीवाडा :

रविवारी सप्तमी आहे, म्हणजे पाऊणपट करून सव्वापाच. तुम्ही सी फेसला पोहोचाल तेव्हा भरती नुकतीच होऊन गेलेली असेल, पण ती भांगाची, कठड्याच्या बऱ्याच खाली. मी स्वतः सहाच्या आधी तिथून जाणार आहे. वारा जास्त असेल तर इथेच लिहीन, मग पार्काभोवतीच फेऱ्या घालाव्यात.